खुर्च्या वाढवायच्या की घर बदलायचे?

तिकिटे केव्हाच संपलेली आणि सीझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे अडकलेले नाव. इंग्लंडमधल्या मोठ्या फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांना हे नवे नाही. मग स्टेडियम वाढवावे का? हाच या अंकाचा विषय.

उत्तर सोपे वाटते, पण ही मैदाने माळरानावर नाहीत. न्यूकॅसलचे सेंट जेम्स पार्क भर शहरात आहे. त्याला खेटून लीझेस टेरेसची एकोणिसाव्या शतकातली संरक्षित घरे उभी. म्हणून एकीकडचे स्टँड उंच, तर दुसरीकडचे बुटके. आर्सेनलने 2006 मध्ये 38 हजारांचे हायबरी सोडून जवळच 60 हजारांचे मैदान गाठले. नव्या मैदानासाठी काढलेल्या कर्जामुळे खेळाडू खरेदी करताना पुढे अनेक वर्षे हात आखडता घ्यावा लागला. लिव्हरपूलने अ‍ॅनफील्ड सोडले नाही. 2016 मध्ये मुख्य स्टँड आणि नंतर अ‍ॅनफील्ड रोड स्टँड वाढवून क्षमता सुमारे 61 हजारांवर नेली. त्यासाठी शेजारच्या लोथेर रोडवरची घरे मात्र पाडली गेली.

वाढीव खुर्च्या कोणाला मिळतात, साध्या चाहत्याला की जेवणासह महागडे तिकीट घेणाऱ्या पाहुण्याला? अंकातले लेख याच अंगाने क्लब, चाहते आणि शेजारी अशा तिघांची बाजू मांडतात.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहत वाढलेल्या वाचकांना मैदान आणि वस्ती यांचे नाते नव्याने सांगायला नको. तुमचे अनुभव आणि मतभेदही आम्हाला जरूर कळवा. निवडक पत्रे पुढच्या अंकात छापू.