दातओठ खाण्याचा हिशेब

धुळ्याच्या थंडीत भरिताचं आमंत्रण नाकारणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर परमुलखातला. २०१८ च्या डिसेंबरात मी नाकारलं नाही, गेलो. शिरपूरकडे एका मित्राचं शेत आहे. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात होती, तीही बामणोदची. कळण्याच्या पुऱ्या तळून होत होत्या, कांद्याची पात धुऊन ठेवलेली. पंगत बसली आणि मी पुरीचे तुकडे करून दुधात भिजवू लागलो. मित्राची ऐंशीची आई माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना. म्हणाली, ‘काय व्हयनं रे भाऊ? दात दुखस का?’

दात दुखत नव्हता. दात मी आधीच काढून टाकला होता. दुखत होता जबडा. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडलं की जिथं काहीतरी हलतं, बरोबर तिथं.

दुखण्याची सुरुवात मला तारखेनिशी सांगता येते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवसाची सुट्टी संपताच बँकांपुढे रांगा लागल्या. मी तेव्हा शाखाधिकारी होतो. पुढचे सात-आठ आठवडे कसे गेले ते त्या वेळी काउंटरच्या आत आणि बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, आणि आमच्याकडे द्यायला नोटा नाहीत. लोक चिडत होते, त्यांचं चुकत नव्हतं. मी हात जोडत होतो, हसत होतो आणि आतल्या आत दात आवळत होतो. दातओठ खाणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. मी तो दिवसाचे दहा-बारा तास अक्षरशः जगत होतो. जानेवारी उजाडला, रांगा ओसरल्या. दुखणं मात्र हललं नाही.

मग सुरू झाली ती वणवण. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहे. दाताच्या दवाखान्यात मीच हट्ट धरला की ही दाढ काढा. ती निघाली, दुखणं तिथंच. मग रात्री दातांवर बसवायचा एक साचा मिळाला. तो काही दिवस घातला, मग डबीत गेला. एका ठिकाणी व्यायामाचा झेरॉक्स कागद हाती आला. त्यावर तोंड उघडलेल्या माणसाची चित्रं होती. चार दिवस व्यायाम केला. पाचव्या दिवशी कानाजवळ ‘टक्’ असा आवाज झाला आणि मी घाबरलो. हाड झिजतंय, आणखी हलवलं तर कायमचं अडकेल, असं मनानं घेतलं. कागद फाडून टाकला. त्यानंतर मी जांभईसुद्धा हनुवटीला हात लावून द्यायला लागलो.

हा कागद चुकीचा नव्हता. आज त्यातले बहुतेक व्यायाम मी करतो. पण ते का करायचे, करताना काय होईल, दुखलं तर त्याचा अर्थ काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की व्यायामाबरोबर दुखण्याची समज दिली नाही, तर व्यायामाचा कागद रद्दीत जातो.

पुढे एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. दार लोटून घेतलं आणि पाऊण तास बोलत बसल्या. आधी मला बोलू दिलं. मग हातात आरसा दिला आणि जबड्याचा सांधा समजावला. खालच्या जबड्याचं टोक नुसतं बिजागरीसारखं फिरत नाही, तोंड मोठं उघडताना ते पुढं घसरतं. मध्ये एक लहानशी चकती असते. ती किंचित मागंपुढं झाली की ‘टक्’ वाजतं. कितीतरी धडधाकट माणसांचं वाजतं. न दुखता वाजत असेल तर त्याला औषधही लागत नाही.

मग त्यांनी विचारलं, ‘काका, आत्ता तुमचे दात एकमेकांना टेकलेत का?’ टेकले होते. नुसते टेकले नव्हते, दाबून धरले होते. निवांत बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असावेत, पण दातांत फट असावी, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

त्यांनी पुढं जे सांगितलं, ते माझ्या डोक्यात माझ्याच धंद्याच्या भाषेत उतरलं. एखाद्या कॅशियरच्या हाती एकदा खोटी नोट लागते. भुर्दंड स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक नोट उजेडात धरतो. महिन्याभरानं चांगल्या, कोऱ्या नोटाही बाजूला काढू लागतो. रांग खोळंबते. त्याची भीती खोटी नसते, नोट मात्र खरी असते. आपल्या नसांचं आणि मेंदूचं असंच होतं. एकदा इजा झाली, वर काळजी, झोपमोड, ताण यांची भर पडली, की ही यंत्रणा इतकी सावध होते की साध्या घासालाही ‘धोका’ असा शिक्का मारते. इजा भरून आलेली असते, पहारा उठलेला नसतो.

अशा कॅशियरला ‘घाबरू नकोस’ म्हणून भागत नाही. नुसतं ‘नोटा मोज’ म्हणूनही भागत नाही. आधी खरी-खोटी ओळखायची कशी ते सांगावं लागतं आणि मग रोज थोड्या थोड्या नोटा त्याच्याकडून मोजून घ्याव्या लागतात. दर संध्याकाळी हिशेब जुळतो आणि हळूहळू हाताला विश्वास येतो. समजावणं आणि व्यायाम यांची जोडी लागते ती यासाठी.

हे कुण्या एकाच बाईंचं शहाणपण नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेल्या हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ साली लिहून ठेवलं, की भयंकर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे पाऊण जणांना वेदना इतकी कमी होती की त्यांनी औषध मागितलं नाही. जखम मोठी तर वेदना मोठी, हा सरळ हिशेब तिथंच चुकला. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की वेदनेचा निरोप वर जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. पुढे ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड बटलर आणि लोरिमर मोझली यांनी २००३ साली, रुग्णाला वेदनेचं हे शास्त्र सोप्या भाषेत शिकवणं हाच उपचाराचा भाग आहे, असं सांगणारं पुस्तक लिहिलं.

जबड्याच्या बाबतीत मात्र विचार बराच काळ सुतारकामासारखा चालला. १९३४ साली जेम्स कॉस्टन या अमेरिकेतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी या दुखण्याचा संबंध पडलेल्या दातांशी आणि बिघडलेल्या चाव्याशी जोडला. मग कित्येक वर्षं दात घासून सारखे करणं, चावा बदलणं, असे उपाय होत राहिले. आता वारं फिरलं आहे. २०२३ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना छापल्या. ठाम शिफारस केली ती देखरेखीखालच्या व्यायामाची, हातानं सांधा मोकळा करण्याची, विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, आणि घरचा व्यायाम, माहिती व धीर देण्याची. चावा कायमचा बदलणारे साचे आणि चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांना ठाम विरोध केला. रात्रीच्या साध्या साच्यालाही हात राखूनच नकार दिला.

अर्थात समजावणं ही जादू नव्हे. कंबरदुखीवरच्या अभ्यासांत दिसलं आहे, की नुसत्या समजावण्यानं वेदना फारशी उतरत नाही. व्यायामाची जोड मिळाली की फरक अधिक पडतो. माझंही दुखणं हत्तीच्या पावलानं आलं आणि मुंगीच्या पावलानं गेलं. जिभेचं टोक टाळूला लावून आरशासमोर सावकाश तोंड उघडायचं, हनुवटी वाकडी जाऊ द्यायची नाही. सहा वेळा, दिवसातून बऱ्याचदा. फोन वाजला की दात सुटे करायचे. ‘थोडं दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही,’ हे वाक्य मी आरशाच्या चौकटीला चिकटवलं होतं. सुरुवातीला तोंडात उभी दोन बोटं जेमतेम मावत, पाच महिन्यांनी तीन मावली. निरोगी माणसाच्या तीन मावतात.

इथं दोन इशारे द्यायला हवेत. पहिला आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा. तोंड उघडत नाही म्हणजे सांधाच, असं धरून बसू नका. गुटखा आणि सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होते, तोंड मिटत जातं, आणि तिथूनच कर्करोगाची वाट सुरू होऊ शकते. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण पुड्या कुठं मिळतात हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. शिवाय सूज, ताप, बधिरपणा, चालताना किंवा छातीत दाटून आल्यावर जबड्यात उठणारी कळ, पन्नाशीनंतर चावताना दुखणं आणि सोबत कानशिलात ठणका किंवा अंधुक दिसणं, यांतलं काहीही असलं तर लेख वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. तपासणी आधी, समजावणी नंतर.

दुसरा इशारा भाषेचा. ‘वेदनेत मेंदूचा हात असतो’ या वाक्याचं घरात पोचेपर्यंत ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं होतं. हे दोन अगदी वेगळे निरोप आहेत. पहिला धीर देतो, दुसरा माणसाला एकटं पाडतो. माझी आई वर्षानुवर्षं हनुवटीपासून डोक्यापर्यंत फडकं बांधून चुलीपुढं बसायची. एकाच बाजूनं चावायची, भाकरी आमटीत कुस्करून खायची. आम्ही भावंडं म्हणायचो, आईचं सुरू झालं. वडील म्हणायचे, काम नको असलं की फडकं निघतं. तिला काय झालं होतं, हे आता सांगता येणार नाही. पण ती खोटं बोलत नव्हती, हे मला माझा जबडा दुखल्यावर कळलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण खरी असेल. पण शेजारच्याला ते कळायला त्याचंही जळावंच लागावं का?

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथं जिथं व्यायामाचा कागद दिला जातो, तिथं पहिली पंधरा मिनिटं बोलण्याची असावीत. सरकारी दवाखान्याच्या गर्दीत एकेकट्याला वेळ देता येत नसेल, तर पाच-सहा रुग्णांना एकत्र बसवावं. बोलणं पेशंटच्या भाषेत व्हावं. साक्रीच्या बाईला ते अहिराणीत मिळावं. आणि समजावण्याचे पैसे पडले तर आपणही कुरकुरू नये. इंजेक्शनचे पैसे आपण मुकाट्यानं देतो, पाऊण तास बोलणाऱ्याला मात्र ‘नुसतं बोलले’ म्हणतो.

हे मी वरच्या पट्टीतून सांगत नाही. अडतीस वर्षांच्या नोकरीत मीही कर्जाच्या कागदांवर फुल्या मारून ‘इथं सही करा, इथं करा’ असं किती शेतकऱ्यांना म्हटलं असेल, याचा हिशेब नाही. वेळ नव्हता, बाहेर रांग होती. न समजलेल्या कागदाचं ओझं काय असतं, ते मला तो झेरॉक्स हातात पडल्यावर उमगलं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा शिरपूरच्या त्या शेतात गेलो. मित्राची आई आता नाही. पंगतीत बसलो, कळण्याची पुरी कडकडीत होती, तशीच खाल्ली. दोन घासांनंतर कानाजवळ ‘टक्’ वाजलं. मी वांग्याकडे हात नेला. वाजू दे म्हटलं.