शीव ओलांडण्याची यादी

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात रिठद हे गाव आहे. सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणारं. तिथल्या मैत्रिणींची बैठक होती. विषय नेहमीचेच होते : बचत गटाचे हप्ते, दारू, रेशन कार्डावरची नावं. बैठक उठता उठता एक जण म्हणाली, "ताई, मले लुंबिनीले जायचं हाय. गाडीवर. तंबू घिऊन."

आधी सगळ्या हसल्या. मग थांबल्या, कारण ती हसत नव्हती.

ती आशा कार्यकर्ती आहे. गरोदर बायांच्या तपासण्या, लसीकरण, रात्रीबेरात्रीची बाळंतपणं यासाठी वर्षानुवर्षं गाडी चालवते. आधी स्कूटी होती, आता घरची मोटारसायकल. तिच्या बहिणीची मुलगी वाशीमला परिचारिका आहे. तिनेही होकार दिला. दोघी, दोन गाड्या. रिठद, वाशीम, कारंजा, अमरावती, नागपूर. नागपूरला दीक्षाभूमी. पुढे सिवनी, जबलपूर, रीवा, वाराणसी, तिथलं सारनाथ. मग गोरखपूर, कुशीनगर आणि सोनौलीची सीमा. सीमेपलीकडे तासाभरावर लुंबिनी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. नेपाळचा तो रस्ता तिने लहानपणापासून ऐकला होता. आता तो स्वतःच्या हाताने गाडी चालवत पाहायचा होता.

आमच्यातल्याच काहींनी प्रश्न केला की हौसेच्या अशा गोष्टीला आपल्या अंकात, तेही संपादकीयात, जागा कशाला? बायकांवर अत्याचार होताहेत, शेतकरी कुटुंबं कर्जात आहेत आणि आपण तंबूच्या गोष्टी करायच्या? प्रश्न रास्त आहे. आम्हीही तो स्वतःला विचारला. पण या दोघींबरोबर बसून प्रवासाची यादी करायला घेतली आणि उत्तर त्या यादीतच मिळालं.

यादीतली पहिली ओळ होती : गाडीचे कागद. नेपाळच्या सीमेवर गाडीचं मूळ नोंदणीपत्र दाखवावं लागतं. त्यावर 'भन्सार' म्हणजे जकातीची परवानगी मिळते. तिचं शुल्क दिवसांच्या हिशेबाने असतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असली तर मालकाचं संमतीपत्र मागितलं जातं. रिठदच्या मैत्रिणीची गाडी नवऱ्याच्या नावावर. डाउन पेमेंट तिने भरलं, हप्ते तिच्या मानधनातून गेले, पेट्रोल ती भरते, चेनला तेल ती घालते. भाचीची गाडी भावाच्या नावावर. म्हणजे दोन देशांमधली सीमा ओलांडायला दोघींनाही घरातल्या पुरुषाची चिठ्ठी लागणार.

ती म्हणाली, "गाडी मी चालोतो, पन कागदावर माह्यं नावच नाही." हे वाक्य शेताबद्दल, घराबद्दल आपण हजार वेळा ऐकलं आहे. गाडीबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.

दुसरी ओळ परवान्याची. दोघींकडे परवाना आहे, पण मावशीचा विनागिअर गाडीचा. स्कूटी शिकली तेव्हा काढलेला. पाच वर्षं ती गिअरची मोटारसायकल चालवते आहे आणि तिला कोणी अडवलं नाही. गावात अडवत नाहीत. अपघात झाला आणि विम्याचा दावा आला की मग अडवतात.

तिसरी ओळ ओळखपत्राची. नेपाळला जायला भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. रस्त्याने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावं. भाची अविवाहित, तिच्या कागदांवर एकच नाव. मावशीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मतदार कार्डावर सासरचं, परवान्यावर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. लग्नात नाव बदलायची रीत आपण रूढी म्हणून सोडून देतो. सीमेवरच्या खिडकीत तीच रीत माणसाला तीन माणसं करून टाकते.

पासपोर्टबद्दल अजूनही गैरसमज आहेत, म्हणून दोन गोष्टी इथे नोंदवतो. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम बदलले. विवाह प्रमाणपत्राची सक्ती गेली, आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरेसं झालं आणि घटस्फोटितेला पूर्वीच्या नवऱ्याचं नाव देण्याची गरज उरली नाही. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पासपोर्टसाठी बायकोला नवऱ्याची परवानगी किंवा सही लागत नाही. हे न्यायालयाला २०२५ मध्ये सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

कागदांनंतरची ओळ कोणत्याही प्रवासाच्या पुस्तकात सापडणार नाही. मावशीने वहीचं पान उभं दुमडलं. एका बाजूला लिहिलं 'सोबत', दुसऱ्या बाजूला 'मागं'. 'मागं'ची बाजू आधी भरली. सासूच्या गोळ्या, मुलाचा डबा, म्हशीचं दूध, दळण, गटाचा हप्ता, तिच्या जागी लसीकरणाला कोण. पुरुष प्रवासाला निघतो तेव्हा आपली बॅग भरतो. बाई निघते तेव्हा आधी घर भरून ठेवते. 'मागं'ची बाजू लांबली की 'सोबत'ची बाजू कोरीच राहते आणि बेत बारगळतो. त्यामुळे आम्ही सुचवलं की 'मागं'मधल्या प्रत्येक कामापुढे एक नाव लिहायचं आणि त्यातली निम्मी नावं पुरुषांची असायची. त्यावरून घरात काय झालं ते पुढे सांगतो.

आता 'सोबत'ची बाजू. या विषयात आम्ही सगळ्याच शिकाऊ. गावातल्या गॅरेजवाल्याला विचारलं, लांबचे प्रवास केलेल्या मुलींशी बोललो, त्यातून कळलेलं हे. सामान जितकं कमी तितकी गाडी हाताशी राहते. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ, हलक्या वर. दोन्ही बाजूंना सारखं वजन. आपल्या आजोबांची पडशी अशीच असायची. वळकटी आणि तंबू मागच्या सीटवर आडवे, दोरीऐवजी पट्ट्याने घट्ट. सुटं टोक चाकात जाऊ नये. सगळं भरून निघण्यापूर्वी एक दिवस रिसोडपर्यंत जाऊन यायचं. ओझ्याने ब्रेक उशिरा लागतो आणि वळणावर गाडी वेगळी वागते, हे घराजवळच कळलेलं बरं. तंबूही आधी अंगणात उभारून, त्यात एक रात्र झोपून पाहायचा. अंधारात, पावसात, अनोळखी जागी खुंट्या मोजायची वेळ येऊ नये.

दुरुस्तीचं सामान : पाने, पक्कड, पंक्चर काढायचं साहित्य, हवेचा पंप, जादा ट्यूब, प्लग, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची तार. नुसतं सोबत असून भागत नाही, वापरता आलं पाहिजे. भाचीने दोन रविवार गॅरेजमध्ये बसून चाक काढायला आणि तार बदलायला शिकून घेतलं. अंगावर : हनुवटीपर्यंतचं पूर्ण हेल्मेट, जाड पँट, घोट्यावरचे बूट, हातमोजे, रेनकोट. ओढणी नाही. पाळीचं सामान दिवसांच्या हिशेबापेक्षा जास्त, कोरड्या पिशवीत. औषधं. डोक्याला बांधायची बॅटरी. शंभराच्या नोटा, कारण मोठ्या भारतीय नोटांचे नेपाळमधले नियम बदलत आले आहेत, निघण्यापूर्वी चौकशी करायची. तिकडचं सिमकार्ड तिकडे गेल्यावर. विमा कंपनीकडून जादा हप्ता भरून विम्याची हद्द नेपाळपर्यंत वाढवून घेता येते, ते पत्र कागदांबरोबर.

कागदांच्या प्रती मात्र तीन ठिकाणी : गाडीवर, अंगावर आणि घरी. २०२५ मध्ये मुंबईहून मोटारसायकलने इंग्लंडला पोचलेल्या योगेश आळेकरी यांची गाडी नॉटिंगहॅम शहरात चोरीला गेली. गाडीबरोबर पासपोर्ट आणि सामानही गेलं. म्हणून कमरेच्या पिशवीतले कागद झोपतानाही कमरेलाच.

रस्ता ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. या दोघींना कारंजा-अमरावतीच्या रस्त्यानेच जायचं आहे. रोज दोन-अडीचशे किलोमीटर, उजेड असेतोवर. तंबू कुठेही नाही. विहाराच्या, गुरुद्वाराच्या, शाळेच्या आवारात विचारून, पाणी आणि संडास पाहून. रानात एकटं राहायचं धाडस करून कुणाला काही सिद्ध करायचं नाही.

'धाडस' या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. विदर्भ-मराठवाड्यातल्या हजारो बाया दरवर्षी भांडीकुंडी, पोरं, पांघरुणं बांधून ऊसतोडीला जातात. काही जणी कर्नाटकातही जातात. सहा सहा महिने कोपीत राहतात. आपल्या जिल्ह्यातल्या बंजारा बायांच्या आज्या-पणज्या बैलांच्या तांड्याबरोबर देशभर मुक्काम करत फिरल्या. कमी सामानात संसार कसा बांधावा हे त्यांच्याइतकं कुणाला येतं? त्याला कुणी धाडस म्हटलं नाही. पोटासाठी बाई कितीही लांब गेली तरी चालते. स्वतःच्या मनाने, स्वतःसाठी आठ-पंधरा दिवस निघाली की तिला परवानगी लागते. आमचं भांडण या भेदाशी आहे.

गाडीच्या घडणीतही हा भेद आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याच्या सुरक्षिततेचा नियम आहे : धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकावर आवरण. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. नियम चांगला आहे, त्याने अनेकींचे जीव वाचले. पण त्यातून दिसणारं चित्रही पाहा. साडी मागच्या सीटवर आहे.

ते चित्र बदलायला सुरुवात होऊन बराच काळ झाला. २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 'बायकर्नी' हा मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट सुरू केला. २०१८ मध्ये हैदराबादच्या जय भारती आणि त्यांच्या तीन मैत्रिणी म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम अशा मोटारसायकलने फिरून आल्या. आम्हाला विशेष वाटतं ते पुढचं : परतल्यावर जय भारतींनी बायकांना दुचाकी शिकवण्याचं काम उभं केलं. मार्च २०२३ मध्ये रमिला लटपटे गेटवे ऑफ इंडियापासून मोटारसायकलने जगप्रवासाला निघाल्या, त्या नऊवारी नेसून. साडी पुढच्या सीटवर आली. पण यातल्या बहुतेक वाटा शहरांतून सुटतात. रिठदसारख्या गावातून वाट सुटायची तर आधी नोंदणीपत्रावरचं नाव बदलावं लागतं.

त्यासाठी परिवहन कार्यालयात २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरायचे असतात. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म. काम कागदाचं आहे, पण त्यावर आधीच्या मालकाची सही लागते. त्या सहीवरून रिठदच्या घरात तीन आठवडे अबोला होता. नवऱ्याचं म्हणणं, "मी नाही म्हनलो काय? चिठ्ठी देतो ना लिहून. नाव कायले पायजे? भरोसा नाही काय?" माणूस वाईट नाही. दारू पीत नाही, हात उचलत नाही. जाऊ नको असंही तो म्हणाला नाही. पण जाऊ देणारा तोच राहावा, एवढं त्याला हवं होतं. मावशीने भांडण वाढवलं नाही. चिठ्ठीही घेतली नाही. हप्त्यांच्या पावत्या क्रमाने लावून ओट्यावर ठेवल्या आणि आपल्या कामाला गेली. चौथ्या आठवड्यात सासू म्हणाली, "बाबू, पैसे तिनं भरले. सही कर." ज्या सासूच्या गोळ्यांची काळजी 'मागं'च्या बाजूला पहिल्या ओळीत होती, ती ही सासू.

सही झाली आहे. वाशीमच्या कार्यालयात कागद दाखल आहेत. गिअरच्या परवान्यासाठी शिकाऊ परवाना निघाला आहे, चाचणी व्हायची आहे. भाचीचा भाऊ मात्र अजून तयार नाही, तिच्यासाठी चिठ्ठीवरच भागवावं लागेल असं दिसतं. वहीत 'मागं'च्या बाजूला म्हशीच्या दुधापुढे नवऱ्याचं नाव आहे, मुलाच्या डब्यापुढे मुलाचंच. निम्मी नावं अजून झालेली नाहीत. सोयाबीन निघालं, दसरा झाला, की दीक्षाभूमीवरून पुढे निघायचं असा बेत आहे. जातील की नाही, हे आज आम्ही सांगू शकत नाही. पाऊस आहे, पीक आहे, भाव आहे, घरातलं आजारपण आहे.

पण मैत्रिणींनो, यादी तर आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. कुणाला नेपाळला जायचं असो वा नसो, येत्या बैठकीत प्रत्येकीने आपले कागद घेऊन यावं. गाडी कुणाच्या नावावर? परवाना आहे का, आणि चालवतो त्याच गाडीचा आहे का? सगळ्या कागदांवर आपलं नाव एकच आहे का? पासपोर्ट काढला आहे का, नसेल तर कशामुळे? आणि आपण पंधरा दिवस घरात नसलो तर 'मागं'च्या बाजूला किती कामं येतात, त्यापुढे कुणाकुणाची नावं लिहिता येतात?

तुमच्या गटातल्या याद्या आम्हाला पाठवा. नावं नकोत, नुसती पानं पाठवा. पुढच्या अंकात त्या छापू. त्याच अंकात रिठदच्या दोघींचं पत्र आलं, तर तेही.