‘नातिचरामि’ म्हणण्यापूर्वी

नीरा ओलांडून माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा गावातील घरे पाहुण्यांनी भरून जातात. अशाच एका मुक्कामात पंगत उठल्यावर परिचयातील एका मातेने आवाज खाली आणून विचारले, “भाऊ, मुलगा म्हणतो, मला स्त्रीविषयी ओढच वाटत नाही. फलटणचे स्थळ आले आहे. वडीलधारी म्हणतात, लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. काय करावे?”

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे समलिंगी विवाहाचा प्रश्न दहा दिवस चालला. विरोध करणाऱ्यांत अखिल भारतीय संत समिती होती, तशीच जमियत उलेमा-ए-हिंदही होती. १७ ऑक्टोबरला निकाल लागला. विवाह हा मूलभूत अधिकार नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. निकाल योग्यच झाला.

परंतु दोघे एका बाजूला उभे राहिले, म्हणून दोघांचा विचार एक ठरत नाही. निकाह हा मूलतः करार आहे. आपल्याकडे विवाह सोळा संस्कारांपैकी एक आहे. पितृऋण फेडण्याचा आणि गृहस्थाश्रमात प्रवेश करण्याचा तो मार्ग आहे. त्यातील वधू आणि वर ही स्थाने परस्परांत बदलता येत नाहीत. आपला आक्षेप एवढाच आहे. त्यात माणसाविषयी घृणा नाही. मनुस्मृतीने द्विजाच्या अशा वर्तनाला सचैल स्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आणली ती इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेने. (आपले पुरोगामी हा तपशील सोयीस्करपणे गाळतात आणि आपल्यातीलही काही जण ३७७ कलमालाच सनातन परंपरा समजतात!) २०१८ मध्ये न्यायालयाने ते कलम शिथिल केले, तेव्हा हा गुन्हा नव्हे, पण अशा विवाहाला आमचे समर्थन नाही, हीच संघाची भूमिका होती. अशा व्यक्तींनाही समाजात जगण्याचा अधिकार आहे, हे सरसंघचालक श्री. मोहनजी भागवत यांनी जानेवारी २०२३ मधील मुलाखतीत स्पष्ट केले आहे.

मात्र संस्काराचा हा युक्तिवाद न्यायालयात मांडून घरी विसरता येणार नाही. कन्यादानाच्या वेळी वर ‘नातिचरामि’ असे वचन अग्नी आणि आप्तेष्टांच्या साक्षीने देतो. धर्म, अर्थ आणि काम यांत तुला सोडून जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. जे वचन पाळणे आपल्या मुलाला शक्य नाही हे आईबापांना ठाऊक आहे, ते त्याच्या मुखातून वदवून घेणे हा कोणता धर्म? विवाह म्हणजे औषधोपचार नव्हे. आणि त्या फलटणच्या मुलीचे काय? तिच्या आयुष्याची माती करून वाचवलेली प्रतिष्ठा कोणाच्या कामाची? संस्काराची विटंबना दिल्लीतील याचिकांनी होते, तशी अशा फसवणुकीनेही होते, आणि ही दुसरी आपल्याच मांडवात घडते.

मी त्या माउलीला हेच सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलाला जवळ बसवून त्यांनी फलटणला नकार कळवण्याचे ठरवले. कारण काय सांगायचे, यावर मात्र रात्री उशिरापर्यंत खल चालला होता.