थाईमचा टाईम

या वेळी मालवणला जाताना सॅकमध्ये लॅपटॉपच्या शेजारी एक छोटीशी बाटली होती, वाळवलेल्या थाईमची. कोकणकन्येने कुडाळला उतरले, तिथून घरी. ठरवलंच होतं, काकीला एक झक्कास फ्रेंच डिश खिलवायची. फिश आँ पापियोत! नाव मोठं, काम सोपं. माशाच्या तुकडीवर मीठ, मिरपूड, बटर, लिंबाची चकती आणि थाईम. सगळं बेकिंगच्या कागदात बंद करायचं आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटं ठेवायचं. मासा आपल्याच वाफेवर शिजतो.

काकीने बाटली नाकाशी नेली आणि निकाल दिला, "हेका ओव्याचो वास येता गो!"

मी हसले. पण मंडळी, सायन्स काकीच्या बाजूने आहे. थाईमला त्याचा वास देणारं द्रव्य म्हणजे थायमॉल. कास्पार नॉयमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७१९ साली ते थाईमपासून वेगळं केलं, म्हणून नाव थाईमचं. पण तेच थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असतं. आणि दोघं एका घरातले नाहीत हं! थाईम तुळस-पुदिन्याच्या कुळातला, ओवा जिरं-बडीशेपेच्या.

मग काकीने परसातल्या जुन्या डब्यात वाढलेला पानओवा दाखवला. तोच, ज्याच्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो. हा मात्र थाईमच्याच कुळातला. इंग्रजीत याला स्पॅनिश थाईम म्हणतात, काही ठिकाणी चक्क फ्रेंच थाईम! म्हणजे मी मुंबईहून पैसे मोजून आणलेल्या बाटलीचा चुलतभाऊ मोरीच्या पाण्यावर फुकटात वाढत होता.

ओव्हन नव्हताच. "कागद कित्याक? केळीचा पान आसा मा!" इति काकी. पान विस्तवावर जरा शेकवलं की फाटत नाही. सुरमईच्या तुकड्या गुंडाळल्या, तव्यावर ठेवल्या, वर झाकण. अर्ध्या पुड्यांत थाईम, अर्ध्यांत चिरलेला पानओवा. थाईमची सुरमई मस्त झाली. पानओव्याची? मी उत्साहात एकेका तुकडीवर दोन-दोन पानं घातली होती. खोकल्याचं औषध! तुम्ही करणार असाल तर एका तुकडीला अर्धं पान, बास.

जेवताना मी काकीला फ्रेंच फंडा समजावत होते. थाईम चिवट, उष्णता सोसणारा, म्हणून स्ट्यूमध्ये तो सुरुवातीलाच जातो. पार्सली नाजूक, तिची चिरलेली पानं शेवटी. थाईम, पार्सलीच्या काड्या आणि तमालपत्र यांची जुडी बांधून रश्शात सोडायची आणि वाढण्याआधी काढून टाकायची. तिला म्हणतात बुके गार्नी.

काकी म्हणाली, "आमच्या तिरफळासारख्या. पण तिरफळां मागसून."

मागसून? म्हणजे नेमकी कधी? मला माहीत नव्हतं! बांगड्याचं तिखलं खातच मी मोठी झाले. तिरफळाने जिभेला येणाऱ्या झिणझिण्या मला झोपेतही ओळखता येतील. पण ते कढईत कधी पडतं, हे मी कुणाला कधी विचारलंच नव्हतं. प्रोव्हान्सच्या स्ट्यूचं टाइमटेबल पाठ आणि घरच्या तिखल्याचं कोरं. आजी गेली तेव्हा तिच्या हातचं तिखलं तिच्याबरोबरच गेलं.

दुसऱ्या दिवशी बांगडे आणले आणि कागद-पेन घेऊन काकीजवळ बसले. "किती घालतेस?" विचारलं की एकच उत्तर, "अंदाजान." मग फ्रेंच पद्धतीने प्रश्न बदलले. उकळीच्या आधी की नंतर? अख्खं की ठेचून? काढायचं की ठेवायचं? आणि काकी धडाधड बोलायला लागली!

तिरफळातली काळी बी काढून टाकायची, घ्यायचं ते फक्त टरफल. ते जरासं ठेचायचं, मिरचीच्या वाटणात घालून मिक्सरमधून काढायचं नाही, कडू होतं. वाटण, हळद, आमसुलं आणि बेताचं पाणी उकळलं की बांगडे सोडायचे आणि तिरफळ त्यांच्या मागून. त्यानंतर डाव घालायचा नाही, भांडंच धरून हलवायचं. तिरफळ काढायचं नाही, ताटात आलं की बाजूला सारायचं.

कागद भरला. त्यात एकही माप नाही, पण तिखलं जमलं. परवा मी ते मुंबईत एकटीने केलं, झिणझिण्यांसकट!

त्यामुळे पुढच्या वीकेण्डला घरी गेलात तर एक करा. आईला, मावशीला, आजीला 'किती' विचारू नका. 'कधी' विचारा. आणि लगेच विचारा.

थाईमची बाटली मी काकीकडेच ठेवून आले. येताना सॅकमध्ये लॅपटॉपच्या शेजारी तिरफळांची पुडी होती. आख्ख्या डब्याला वास येत होता.