रेनकोट कुणाच्या मापाचा?

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये मी सायकलने फिरते. यंदा रेनकोट घ्यायला गेले, तर दुकानदाराने ‘लेडीज’ म्हणून घोट्यापर्यंतचा गुलाबी झगा पुढे केला. असाच झगा गेल्या पावसाळ्यात चेनमध्ये अडकून मी भर रस्त्यात पडले होते. जॅकेट-पँटचा सुटसुटीत जोड ‘जेन्ट्स’मध्ये मिळाला. तोच घेतला, बाह्या दुमडून वापरते.

बाई कुणाच्या तरी गाडीवर मागे बसणार, हे बाजाराने गृहीतच धरलंय. मैत्रिणींनो, रंगाला भुलू नका. रेनकोट अंगात घालून दुकानातच गुडघा वर घेऊन पाहा. टोपी घातल्यावर मान वळवली की मागचं दिसतं का? पाठीवर चमकणारी पट्टी आहे का? काखेत हवा खेळते का? नाहीतर घामानेच भिजाल. ओढणी घट्ट आत खोचा.

पण रेनकोट कितीही चांगला असला तरी थोडं भिजणं होतंच. मग पाळीच्या दिवसांत ओल्या कपड्यांनी दिवसभर बसायचं? रेनकोट टांगायला खुंटी आणि कपडे बदलायला आडोसा, एवढं तरी कामाच्या ठिकाणी हक्काने मागायला हवं. आमच्या संस्थेतही ते अजून नाही. पुढच्या बैठकीत हा मुद्दा मी मांडणार आहे. तुम्हीही मांडा.