बाटली लहान, भाव महान!

इंग्लंडमधल्या मोठ्या सुपरमार्केटात सँडविचच्या शेजारी एक फ्रीज असतो. त्यात कोकची अर्ध्या लिटरची गार बाटली. तेच पेय चार रांगा सोडून आत गेलं की दोन लिटरच्या बाटलीत मिळतं, फक्त ते गार नसतं. भाव दुकानागणिक बदलतात, पण लहान बाटली साधारण १ पौंड ९० पेन्स आणि मोठी २ पौंड ४० पेन्स धरा. म्हणजे लहान बाटलीत लिटरला ३ पौंड ८० पेन्स पडतात आणि मोठीत १ पौंड २० पेन्स. एकाच छताखाली तिपटीहून जास्त फरक!

हे जास्तीचे पैसे कशाचे? थोडे खर्चाचे आहेत, हे मान्य. लहान बाटलीला लिटरमागे प्लास्टिक जास्त लागतं, झाकणं जास्त लागतात, शिवाय फ्रीजची वीज. पण तेवढ्याने तिप्पट होत नाही. उरलेले पैसे गिऱ्हाइकाच्या परिस्थितीचे असतात. त्याला तहान आत्ता लागलेली असते, गाडी सात मिनिटांनी असते आणि दोन लिटरचं ओझं घेऊन ऑफिसात जाता येत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच चालतं. कोड एकच, पण महिन्या-महिन्याने पैसे भरणाऱ्याला महाग आणि वर्षाचे एकदम भरणाऱ्याला स्वस्त.

१९९९ मध्ये कोका-कोलाचे तेव्हाचे प्रमुख डग्लस आयव्हेस्टर यांनी एका ब्राझिली मासिकाच्या मुलाखतीत, ऊन वाढलं की आपोआप भाव वाढवणाऱ्या यंत्राची कल्पना बोलून दाखवली. लोक खवळले. तहानलेल्या माणसाला लुटता का, असा सूर उठला आणि विषय तिथेच थांबला. पण नीट पाहिलं तर फ्रीजमधली लहान बाटली वर्षानुवर्षं तेच काम करते आहे. फक्त भाव बदलताना दिसत नाही, म्हणून कोणी ओरडत नाही.

यात आता सरकारही आलं आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर साखरेप्रमाणे कर आहे. जास्त साखरेच्या पेयांवर तो लिटरमागे २४ पेन्स होता, एप्रिल २०२५ मध्ये २५.९ पेन्स झाला. कर लिटरवर आहे, किमतीवर नाही. त्यामुळे २०२५ च्या दराने वरच्या उदाहरणात दोन लिटरच्या बाटलीवर जवळजवळ ५२ पेन्स कर बसतो, म्हणजे किमतीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. अर्ध्या लिटरवर जेमतेम १३ पेन्स. कराचा चटका मोठ्या बाटलीला बसतो, नफ्याची जागा लहान बाटलीत राहते. कर लागू होताना मूळ कोकची पावणेदोन लिटरची बाटली दीड लिटरची झाली आणि किंमत मात्र वाढली, ती उगीच नाही. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या मोठ्या विक्रेत्यांना अशा पेयांवर ‘दोन घ्या, एक फुकट’ छापाच्या योजनाही बंद झाल्या. आरोग्यासाठी हे ठीकच. पण घाऊक घेणाऱ्याची सवलत गेली, सोयीचा भाव तसाच राहिला.

भारतात गंमत वेगळी आहे. तिथे बाटलीवर एमआरपी छापलेली असते. कायद्याने त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. हॉटेल-रेस्टॉरंटला सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये बाटलीबंद पाण्याबाबत मोकळीक दिली ती तिथल्या सेवेमुळे. किराणा दुकानाला किंवा टपरीला ती नाही. तरी एसटी स्टँडवर ‘कूलिंगचे दोन रुपये जास्त’ हे वाक्य कोणी ऐकलं नाही? सोयीची किंमत छापता येत नाही, म्हणून ती तोंडी वसूल होते.

दुसरी वाट मापाची. भारतात गिऱ्हाईक नाण्याने विचार करतं. २००३ मध्ये कोका-कोलाने आमिर खानला घेऊन २०० मिलीची बाटली पाच रुपयांना गाजवली. २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा पुन्हा बाजारात आणताना २०० मिली दहा रुपयांना दिलं. म्हणजे लिटरला पन्नास रुपये. अशा बाजारात किंमत स्थिर ठेवायची आणि खर्च वाढला की मिली कमी करायचे, हा मोह मोठा असतो. दहाची नोट सगळ्यांच्या लक्षात राहते, मिली कोण मोजतो?

यावर उपाय म्हणून भारतात आता पॅकवर एककाचा भावही छापावा लागतो. पण नियम असा की एक लिटरच्या आतल्या मालावर भाव प्रति मिली आणि लिटरच्या वरच्या मालावर प्रति लिटर. समजा २५० मिली वीस रुपयांना आहे आणि सव्वादोन लिटर शंभर रुपयांना. एका बाटलीवर दिसणार ०.०८ रुपये आणि दुसरीवर ४४.४४ रुपये. घाईत पाहणाऱ्याला लहान बाटलीच स्वस्त वाटेल! खरं तर तिचा भाव लिटरला ८० रुपये आहे.

ब्रिटनचीही पाठ थोपटायला नको. इथे फळीवरच्या चिठ्ठीवर एककाचा भाव असतो, पण २८० चौरस मीटरपर्यंतच्या लहान दुकानांना ती सक्ती नाही. म्हणजे सोयीचा भाव जिथे सगळ्यात चढा, तिथेच तो न सांगण्याची मुभा.

आणि अशा दुकानात जातं कोण? सप्टेंबरात आपल्याकडून शिकायला आलेली पोरं. गाडी नाही, पाच जणांत एक फ्रीज, त्यातला एक कप्पा वाट्याला. त्यांना मोठी बाटली स्वस्त पडते हे कळत नाही असं नाही. आणायची कशी आणि ठेवायची कुठे, हा प्रश्न असतो. पुण्यात उन्हातान्हात डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचंही तेच. ज्याच्याकडे जागा आणि गाडी, त्याला लिटर स्वस्त. ज्याच्याकडे नाही, त्याला महाग. कोकशिवाय कोणाचं अडत नाही, पण तेल, साबण, शाम्पूची पुडी, सगळीकडे गणित हेच आहे.

सोयीचे पैसे घेऊ नका, असं माझं म्हणणं नाही. गार बाटली हातात देणं हीसुद्धा सेवाच आहे. मागणी एवढीच की भाव सगळ्या पॅकवर एकाच मापात, लिटरमागे, ठळक अक्षरांत लिहा. लहान दुकानातही लिहा. आणि भारतात कोणी कूलिंगचे पैसे मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लक्षात असू द्या. दोन रुपयांसाठी कोण भांडतं, या आपल्या विचारावरच तर तो धंदा चालतो.