पेटीचा वरचा थर आणि सिनेमाचा ट्रेलर

आपल्याकडे ट्रेलर म्हटले की ट्रॅक्टरमागची ट्रॉली डोळ्यांपुढे येते. सिनेमाच्या ट्रेलरचे नावही तसेच पडले. अमेरिकेत १९१० नंतरच्या काळात पुढच्या खेळाची जाहिरात चालू खेळ संपल्यावर, म्हणजे मागे जोडून दाखवीत. पण खेळ संपला की माणसे उठून चालू लागत. मग धंदेवाल्यांनी ही ट्रॉली काढून ट्रॅक्टरच्या पुढे लावली. नाव तेवढे जुनेच राहिले.

आपल्या नागपूर जिल्ह्यात पूर्वी सिनेमाची खबर भोंग्यावरून यायची. रिक्षाच्या दोन्ही बाजूंना रंगीत बोर्ड, आत बसलेला माणूस घसा फोडून ओरडतो आहे आणि मागे पोरांची झुंड. झाडीपट्टीत नाटकाची गाडी आजही भोंगा लावून गावोगाव फिरते. त्या भोंग्यावर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवत नसे. ‘जाहिरातवाला आहे, तो तर असंच म्हणंल,’ असे म्हणून माणसे हसत आणि तरीही जात.

आता भोंगा खिशात आला आहे. पारावर चार पोरे एका मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, दोन-अडीच मिनिटांचा ट्रेलर चार वेळा पाहतात आणि निकाल देतात, ‘काका, पिक्चर एक नंबर आहे!’ मी विचारले, ‘पाह्यला का तू?’ तर म्हणतो, ‘पाह्यला नाही, पण ट्रेलर पाह्यला नं.’ एवढ्या भरवशावर घरची पाच माणसे नागपूरला निघतात. एस.टी.चे भाडे, तिकिटे, मधल्या सुट्टीतला पोरांचा खाऊ, वरून बुडालेली मजुरी. ज्याच्या घरी महिन्याचा हिशेब जेमतेम जुळतो, त्याच्यासाठी हा खर्च लहान नाही. म्हणून ट्रेलर कसा पाहावा, हा रिकामटेकड्यांचा प्रश्न नव्हे.

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला तर हे समजावून सांगायलाच नको. पेटी भरताना मोठा, चकाकता माल वरच्या थरात बसतो. कळमन्याच्या बाजारातला मुरलेला व्यापारी तो थर पाहतो, पण भाव ठरवतो खाली हात घालूनच. ट्रेलर म्हणजे वरचा थर. तीन तासांच्या सिनेमातले हसण्याचे चार प्रसंग, दोन मारामाऱ्या आणि एक गाणे वेचून तो भरलेला असतो. एका प्रसंगातला संवाद दुसऱ्याच चित्रावर चढवलेला असतो. कधी कधी ट्रेलरमधले गाणे सिनेमात नसतेच.

असेच एक गाणे थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. शाहरुख खानचा ‘फॅन’ हा सिनेमा २०१६ साली आला. त्याच्या जाहिरातीत ‘जबरा फॅन’ हे गाणे सारखे वाजत होते. तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील एक शिक्षिका घरच्यांना घेऊन सिनेमाला गेल्या आणि पाहतात तर गाणे गायब! त्यांनी ग्राहक मंचाकडे दाद मागितली. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. पण २०१७ मध्ये राज्य आयोगाने निर्मात्या यशराज फिल्म्सला १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च द्यायला सांगितले. २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगानेही तेच कायम केले. शेवटी २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले. ट्रेलर हे तिकीट घ्यायला लावणारे एकतर्फी आवाहन आहे, ते वचन नव्हे आणि करारही नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

त्या बाईंची तक्रार वेडेपणाची होती, असे मी म्हणणार नाही. दोन आयोगांना ती पटली होती. दाखवले ते द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तरीही निकाल मला योग्य वाटतो. काय ठेवायचे नि काय कापायचे, ही मोकळीक कलावंताला हवीच. ट्रेलरमधली प्रत्येक चीज सिनेमात मोजून घ्यायची ठरवली, तर दिग्दर्शकाचा तलाठी होईल.

पण शेतकरी बंधूंनो, यातली खरी मेख पुढेच आहे. न्यायालयाने ही मोकळीक कलेच्या धंद्याला दिली आहे. इतर सेवांचा हिशेब वेगळा, हेही त्याच निकालात आहे. आज मोबाइलवर सिनेमाच्या ट्रेलरमागोमाग बियाण्याचा व्हिडिओ येतो. तेच संगीत, तोच भारदस्त आवाज, हिरवेगार शेत आणि बोंडांनी वाकलेले झाड. हाही ट्रेलरच, पण इथे फसगत झाली तर तीन तास नाही, अख्खा हंगाम जातो.

बियाण्याच्या बाबतीत कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे पिशवीवरच्या लेबलला किंमत आहे. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. बियाणे सदोष निघाले तर शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून व्हिडिओ पाहून हुरळू नका. पक्के बिल घ्या. पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणे जपून ठेवा. उगवण झाली नाही तर लगेच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

गावच्या अधिकाऱ्यांनाही एक सांगणे आहे. योजनांचे प्रचाररथ गावात येतात, चित्रफीत दाखवतात आणि धूळ उडवत निघून जातात. तोही ट्रेलरच. खरा सिनेमा शासन निर्णयात असतो: कोण पात्र, कागद कोणते, मुदत कधी. तो ग्रामसभेत सोप्या भाषेत वाचून दाखवा. नाहीतर लोक ट्रेलरवरच टाळ्या वाजवतात आणि मुदत टळून जाते.

राहिला सिनेमा. ट्रेलर जरूर पाहावा, त्यातही मजा आहे. नागपुरात चित्रित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ मध्ये आला, तेव्हा त्याच्या ट्रेलरमध्ये अमिताभपेक्षा आपली गल्ली कुठे दिसते, हेच आम्ही शोधत होतो. फक्त तिकिटाचे पैसे काढण्याआधी, जो सिनेमा पाहून आला त्याला गाठावे आणि विचारावे, ‘खालचा माल कसा आहे, गड्या?’